गाळा नको, ओसरी हवी

सिस्टरांच्या मठाचा निर्णय ज्यांच्या टेबलावर पडून आहे त्या सर्व साहेबांना आणि विश्वस्तांना,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमच्यापैकी कुणाचंही नाव मी लिहीत नाही. आम्ही जिथं काम करतो तो मठ तीस दिवसांत रिकामा करा, या नोटिशीवर सही कुणाची हे तुम्हाला ठाऊक आहे, आम्हालाही ठाऊक आहे, आणि उद्या बदली झाली की त्या जागी दुसरी सही येईल. हे पत्र खुर्चीला आहे, माणसाला नाही. गावाचं नावही गाळते. खानापूर तालुक्यातलं, मलप्रभेपासून हाकेच्या अंतरावरचं एक गाव, एवढं पुरे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

उघडं पत्र लिहायची वेळ आली, कारण बंद पाकिटातले आमचे तीन अर्ज तुमच्या आवक खात्यात शिक्का खाऊन झोपले आहेत. मराठीत लिहिते, कारण मला येतं ते मराठी. कानडी बोलते, बाजार करते, भांडतेही, पण लिहायला बसले की हात मराठीच चालतो. घटनेच्या 350 व्या कलमानं प्रत्येकाला आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडायचा हक्क दिलाय, असं माझा मुलगा सांगतो. तो हक्क मी आज वापरते. सीमाप्रश्न या पत्रात आणणार नाही. तो सुप्रीम कोर्टात आहे, तिथं राहू दे. आमचा प्रश्न एका छपराचा आहे.

मी कुंभारीण. माहेरही कुंभाराचं, सासरही कुंभाराचं. आमच्यात बाईनं माती मळायची, भांडी रंगवायची, बाजारात डोक्यावरून न्यायची, पण चाकावर बसायचं नाही, अशी रीत होती. मी चाकावर बसले ते खानापूरच्या कुंभारकाम केंद्रात, विजेच्या चाकावर. ते केंद्र 1950 च्या दशकातलं, आता खादी आणि ग्रामोद्योग आयोगाकडे आहे. आमच्याकडच्या मातीचं नाव दूरवर आहे म्हणूनच ते इथं झालं. पहिला माठ उतरवला तेव्हा तो एका बाजूला कलला होता. सासूबाई म्हणाल्या, "बाईच्या हातचा हाय, लाजतोय." तो माठ अजून माझ्याकडे आहे. त्यात आता कोंबडीचा दाणा असतो.

मठाशी माझा संबंध त्याच्याही आधीचा.

कॉन्व्हेंट म्हटलं की बेळगावकडच्या माणसाला आठवते इंग्रजी शाळा, टाय आणि फी. आमच्या गावात तसलं काही नव्हतं. सात-आठ सिस्टर राहायच्या ते घर, त्याला गावानं मठ म्हटलं आणि सिस्टरांनीही ते चालवून घेतलं. बहुतेकींची कोकणी गोव्याकडची, एक-दोघी मंगळूरकडच्या. बेळगावचा धर्मप्रांत वेगळा झाला तो 1953 साली. त्याआधी इकडची बरीच चर्चं गोव्याच्या आर्चबिशपांकडे होती, म्हणून घराचं वळणही गोव्याचंच आहे. मधे अंगण, अंगणात विहीर, चारी बाजूंनी रुंद ओसरी, दीड हात जाड जांभ्याच्या भिंती. मागच्या बाजूला कपडे धुवायच्या चार दगडी टाक्या आणि स्वयंपाकघराला एवढं मोठं धुराडं की लहानपणी मला वाटायचं, त्यातून माणूस वर जाईल.

माझे वडील दर वर्षी मे महिन्यात मठाच्या मागच्या पडवीचे नळे बदलायला जायचे. चाकावर नळकांडं ओढून, मधे चिरून केलेली ती जुनी कौलं. मी त्यांच्या मागं टोपली घेऊन. एक म्हाताऱ्या सिस्टर मला खाली बसवून घ्यायच्या आणि काज करायला शिकवायच्या. टाका मोठा पडला की काही न बोलता उसवायच्या. नाताळात नेवऱ्या मिळायच्या, त्यात नारळ आमच्या करंज्यांपेक्षा जास्त. गावातल्या चाळीस-पन्नास मुली तिथं शिवण शिकल्या. त्यातल्या निम्म्या आजही मशीनवर पोट भरतात. हे तुमच्या फायलीत कुठं लिहिलेलं नसणार.

मग सिस्टर कमी होत गेल्या. तरुण मुली यायच्या थांबल्या, म्हाताऱ्या गोव्याला परत गेल्या, घराला कुलूप लागलं. काही वर्षं तिथं वटवाघळं आणि पत्त्यांचे अड्डे. नंतर इमारतीचा ताबा तुमच्याकडे आला आणि पंधराएक वर्षांपूर्वी तुमच्याच एका आधीच्या साहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं, साफ करून घ्या, वापरा, महिन्याला थोडं भाडं भरा, घर राबतं राहील. त्यांचे आम्ही आजही ऋणी आहोत. साफ करायला आम्हाला अठ्ठावीस दिवस लागले. टाकीतून निघालेला गाळ मी भांड्यांना वापरून पाहिला. चांगला नव्हता.

आज तिथं आम्ही अकरा जण काम करतो. ओसरीवर माझी कच्ची भांडी सावलीत वाळतात. परसात आवा, भांडी भाजायचा. सिस्टरांच्या झोपायच्या लांब हॉलमध्ये चौघी बायका वाकळा शिवतात. आम्ही वाकळ म्हणतो, कानडी बायका कौदी म्हणतात, आणि चौघींतल्या दोघी सिद्दी आहेत, मूळ आफ्रिकेतून आलेल्या समाजातल्या, त्या कवंदी म्हणतात. त्यांची शिवायची रीत आमच्यापेक्षा वेगळी. कडेनं सुरुवात करतात आणि गोल गोल आत येतात. चारी कोपऱ्यांना कापडाची छोटी फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. आमच्या वाकळेला फुलं नसतात हे पाहून त्यातली एक म्हणाली, "उघडीच की गं ही." आता माझ्या सुनेच्या वाकळांनाही फुलं असतात.

जेवणाच्या खोलीत हातमाग आहे, बेळगावच्या वडगावकडून आलेल्या एका विणकराचा. खड्ड्याचा माग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, पायाखाली पावड्या. मागच्या टाक्यांपैकी दोन बुरुडांकडे, एक चपलेवाल्या मामांकडे, एक माझ्याकडे. चॅपेलमध्ये आम्ही काम करत नाही. तसं कुणी सांगितलं नव्हतं. ते झाडून बंद ठेवतो आणि नाताळच्या रात्री तिथं दिवा लावतो, माझ्याच हातच्या पणतीत.

चपलेवाल्या मामांबद्दल जरा जास्त लिहिणार आहे. कारण तुम्ही जे मोडायला निघालाय ते मला त्यांच्यामुळे कळलं.

मामा मूळ अथणीकडचे, बेळगाव जिल्ह्यातलेच. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे होते आणि कर्नाटकाचेही चार: बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजयपुरा. म्हणजे कागदावर मामांची चप्पल कोल्हापूरच्या चपलेइतकीच कोल्हापुरी. 2025 च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या, नाव न घेता. केवढा गदारोळ झाला ते तुम्ही वाचलंच असेल. डिसेंबरात त्याच कंपनीनं महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि आपल्या लिडकार या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. 2000 जोड, एकेकाची किंमत 800 युरोच्या आसपास. मामांना हे मोबाइलवर दाखवलं तर त्यांनी शांतपणे विचारलं, "वेणी कोण घालणार त्येची?"

त्याच मामांना या गावात काम करायला जागा मिळत नव्हती. कमावलेलं कातडंच ते आणतात, पण तळ कापायच्या आधी भिजवावं लागतं. भिजलं की वास येतो. वासाचं निमित्त होतं. खरं कारण आडनाव. भाड्यानं पडवी मागायला गेले की लोक आधी आडनाव विचारायचे आणि मग जागा नेमकी पाहुण्यांसाठी लागायची. दोन वर्षं ते बसस्टँडमागं प्लॅस्टिकच्या कागदाखाली बसले. पावसात कातड्याला बुरशी यायची.

मठात त्यांना कुणी आडनाव विचारलं नाही. विचारणारं कुणी उरलंच नव्हतं. तरी मी खरं लिहिते. पहिलं वर्षभर माझ्या सासूबाई मामांच्या टाकीशेजारच्या नळाचं पाणी घेत नव्हत्या. विहिरीवरून ओढून आणायच्या, सत्तरीच्या वयात. मी बघायचे आणि गप्प बसायचे, हेही लिहिते. मग एका पावसाळ्यात त्या पाय घसरून पडल्या, आणि त्यांना उचलून रिक्षापर्यंत नेलं ते मामांनी. त्यानंतर नळाची गोष्ट कुणी काढली नाही. चार वाजता चहा होतो तो सिस्टरांच्या स्वयंपाकघरात, एकाच पातेल्यात, आणि कप ज्याच्या हाताला येईल तो त्याचा. असं दुसरं ठिकाण आमच्या गावात असेल तर दाखवा. देवळात नाही, हॉटेलातही अजून सगळीकडे नाही.

आता नोटिशीकडे येते.

पहिली गोष्ट "धोकादायक" या शब्दाची. इमारत धोकादायक म्हणून तीस दिवसांत रिकामी करा, असं तुम्ही म्हणता. तपासणी कुणी केली? आम्ही अकरा जण दिवसभर तिथंच असतो. एक माणूस आला, फाटकातून मोबाइलवर चार फोटो काढले, माझ्याकडून पाणी मागून प्यायला आणि गेला. पूर्वेकडची भिंत फुगली आहे, हे खरंय. ते मीच तुम्हाला सगळ्यात आधी कळवलं होतं, त्या तीन अर्जांपैकी पहिल्या अर्जात. ती का फुगली तेही लिहिलं होतं. पन्हळ पानांनी तुंबलेली, पाणी थेट भिंतीत मुरतं. त्यात कुणीतरी मधे चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला. जांभ्याच्या भिंतीला चुना चालतो, कारण चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंटनं ती आत कोंडली आणि आतली माती सुटली. वर पिंपळाचं रोप. एवढंच दुखणं आहे. मातीत हात घालणाऱ्या बाईला एवढं कळतं. पूर्वेकडच्या दोन खोल्या बंद करा, टेकू लावा, आम्ही उद्याच रिकाम्या करतो. बाकी तीन बाजू गेल्या पावसाळ्यात एका जागी गळल्या, आणि ती जागाही आम्ही वर्गणी काढून शाकारून घेतली. पावती आहे.

दुसरी गोष्ट, आणि पत्राचं मूळ. तुम्ही म्हणता, आम्ही कारागिरांना वाऱ्यावर सोडत नाही, नव्या कॉम्प्लेक्समध्ये प्राधान्यानं गाळे देऊ. तुमच्या मनात वाईट नाही, हे मी मानते. नकाशा आम्हाला दाखवला गेला. आठ बाय दहाचे गाळे, पहिल्या मजल्यावर, समोर शटर. मामांनी नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "आक्का, ह्यो गाळा न्हवं, कपाट हाय. ह्यात मी बसू का कातडं?"

साहेब, ती विकायची जागा आहे. आम्हाला करायची जागा हवी. या दोन गोष्टींतला फरक तुमच्या कागदात कुठंच दिसत नाही, म्हणून सविस्तर सांगते. माझी माती आधी टाकीत भिजते, मग चाळली जाते, मग पायांनी तुडवायची. ते काम पहिल्या मजल्यावर केलं तर खालच्या दुकानदाराच्या डोक्यावर चिखल गळेल. चाकावरून उतरलेलं भांडं ओलं असतानाच थापटून वाढवायचं, मग सावलीत ठेवायचं. उन्हात ठेवलं तर तडकतं, कोंडलेल्या खोलीत ठेवलं तर वाळत नाही. वारा हवा आणि ऊन नको, म्हणजे ओसरी. आमच्या तालुक्यात जून ते सप्टेंबर आभाळ फाटलेलं असतं. त्या चार महिन्यांत माझं काम चालतं ते त्या रुंद ओसरीवर, आणि दुसऱ्या कशावरही नाही. आव्याला परस लागतं, धूर जायला वाट लागते. विणकराला खड्डा लागतो. पहिल्या मजल्यावर तो कुठं खणायचा, स्लॅबमध्ये? बांबू अख्खा वीस फुटांचा येतो. जिन्याला वळण असलं की तो वर जात नाही, आणि तोडून नेला तर कणगीच्या कामट्या पुरत नाहीत. वाकळ पसरायला जमीन लागते. चौघी चार बाजूंनी बसतात आणि मधे कापड. आठ बाय दहात एक बाई आणि तिची पिशवी मावेल.

या सगळ्याला लागणारं घर सिस्टरांनी आमच्यासाठी बांधलं नव्हतं. पण त्या तिथंच राहायच्या, तिथंच धुवायच्या, शिजवायच्या, शिवायच्या, गप्प बसून काम करायच्या. कामकरी बायकांचं घर होतं ते. म्हणून आमचं काम त्यात बसलं.

गाळा घेऊन काम दुसरीकडे करा, असंही सुचवलं गेलं. दुसरीकडे कुठं? मामांच्या पडवीची गोष्ट वर सांगितलीच आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. नोटीस आली मृग लागायच्या आठ दिवस आधी. तीस दिवस म्हणजे ऐन आषाढात सामान बाहेर. वर्षाची माती आम्ही उन्हाळ्यात काढून ठेवतो, तीन ट्रॅक्टर माती ओसरीच्या कोपऱ्यात झाकून ठेवलीय. ती पावसात हलवली की वाहून जाते. नवा आवा पावसात बांधता येत नाही, आणि बांधलाच तरी त्याची ओल जाईपर्यंत निम्मी भांडी फुटतात. दिवाळीच्या पणत्यांची तयारी श्रावणापासून सुरू होते. या एका हंगामावर माझं उरलेलं वर्ष चालतं. हा मुहूर्त कुणी काढला कोण जाणे. मुद्दाम काढला असं मी म्हणत नाही, कदाचित कुणाला हे माहीतच नसेल. माहीत नसेल तर विचारायचं होतं. मठ चालत तीन मिनिटांवर आहे.

चौथं, नोटिशीची भाषा. कानडीत आणि इंग्रजीत. आमच्या अकरा जणांत कानडी वाचणारे तिघे. राज्यभाषा कानडी आहे, तिच्यात नोटीस यावी, यात माझी काही तक्रार नाही. साठ टक्के कानडीचा नियम आला तेव्हा आमच्या दारावरची पाटी आम्ही स्वतः बदलून घेतली, मोठं अक्षर कानडी, खाली मराठी. पण ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त आहेत, तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, हे देशपातळीवर कधीचंच मान्य झालंय. खानापूर तालुक्यात मराठी माणूस किती आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. सिद्दी बाईला ती नोटीस वाचून दाखवली माझ्या नातीनं, शाळेतून आल्यावर, आणि "निष्कासन" या शब्दावर ती अडली.

पाचवी गोष्ट एका कागदाची. सिस्टर गेल्या तेव्हा इमारत कोणत्या अटींवर दिली गेली, ते लिहिलेला कागद असणारच. गावात जुनी माणसं सांगतात की ती गरजू बायकांच्या आणि गरिबांच्या कामासाठी वापरावी अशी अट आहे. मी कागद पाहिलेला नाही, म्हणून अट आहेच असं ठासून म्हणत नाही. माहिती अधिकारात अर्ज केला. तीस दिवसांत उत्तर यायला हवं होतं, ते पन्नासाव्या दिवशी आलं: "सदर कागद अभिलेखात आढळून येत नाही." ज्या घराचा कागद सापडत नाही ते घर पाडायचा कागद मात्र तुम्हाला आठ दिवसांत सापडला.

भाडं कमी येतं, इमारत तोट्यात आहे, हेही कानावर आलं. भाडं वाढवा. बसून बोलू. पंधरा वर्षांत आमच्यापैकी कुणीही एक महिना थकवलेला नाही, लॉकडाऊनचे महिने सोडून, आणि तेही नंतर हप्त्यानं फेडले. एकीकडे 2023 च्या सप्टेंबरपासून केंद्राची विश्वकर्मा योजना चालू आहे. अठरा धंदे त्यात, कुंभार आहे, चर्मकार आहे, टोपल्या विणणारा आहे, अवजारांसाठी पंधरा हजारांची मदत आहे. आमच्यापैकी चौघांनी घेतली. अवजार देणारं सरकार आणि ते ठेवायची जमीन काढून घेणारं ऑफिस, दोघांच्या भिंतीवर फोटो तेच असावेत.

आमच्या शेजारणीचा मुलगा जहाजावर स्वयंपाकी आहे, आमच्याकडची बरीच ख्रिस्ती पोरं असतात तसा. त्याचं जहाज व्हेनिसला लागलं होतं. तिथल्या ज्युदेक्का बेटावरून त्यानं मला व्हिडिओ पाठवला. कोस्मा आणि दामियानो या दोन संतांच्या नावानं तिथं एक मठ आहे, पंधराव्या शतकातला, बेनेडिक्टाइन सिस्टरांचा. नेपोलियनच्या काळात तो बंद झाला. चर्चमध्ये पुढं विणमालाचा कारखानाही चालला. आज त्याच्या चौकाभोवतीच्या खोल्यांत कारागीर बसतात. व्हिडिओत चौक दिसतो, मधे विहीर, भोवती कमानी. मी तो मामांना दाखवला. ते म्हणाले, "आपलीच ओसरी हाय, नुस्ती चकाचक केलीय."

इतकं लांब जायचं नसेल तर जुन्या गोव्यात सांता मोनिका आहे. सतराव्या शतकातला सिस्टरांचा केवढा थोरला मठ, आज त्यात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. मी एकदा सेंट झेवियरच्या फेस्ताला गेले होते तेव्हा बाहेरून पाहिला. चांगलंच आहे ते. पण आमच्या मठाचं संग्रहालय करायचा विचार कुणाच्या मनात येत असेल, तर आत्ताच सांगते, माझा माठ काचेत ठेवू नका. पाणी गार करायला केलाय तो.

आमचं मागणं एवढंच आहे. नोटीस मागे घ्या, निदान पावसाळा संपेपर्यंत स्थगित करा. इमारतीची रीतसर तपासणी करून घ्या. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी कॉलेजं आहेत, जुन्या चुन्या-जांभ्याच्या बांधकामाची जाण असलेला माणूस मिळेल. तो सांगेल ते आम्ही मान्य करू, आमच्या विरुद्ध गेलं तरी, फक्त त्याचा अहवाल कानडीबरोबर मराठीतही आमच्या हातात द्या. दुरुस्ती करायची तर एकेक बाजू घ्या. एका बाजूचं काम चालू असेल तेव्हा आम्ही उरलेल्या तीन बाजूंत दाटीवाटीनं बसू, आम्हाला सवय आहे. हस्तांतरणाचा कागद शोधा आणि दारावर लावा. अकरा महिन्यांचा करार दर वर्षी कुणाच्या तरी मर्जीनं वाढवण्याऐवजी निदान दहा वर्षांचा करा. मग आम्हीही छपरावर चार पैसे घालू. आणि तपासणीत घर खरंच राहण्याजोगं नाही असं निघालं, तर दुसरी जागा द्या, पण आधी द्या आणि मग उठवा. त्या जागेत तळमजला, परस, पाणी आणि ओसरी हवी. शटर नसलं तरी चालेल.

बैठकीला आम्ही यायला तयार आहोत. मागच्या बैठकीत आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला, आणि आमची पाळी येईपर्यंत साहेबांना दुसरी मीटिंग लागली. या वेळी तुम्ही आमच्याकडे या. पुढच्या शुक्रवारी, पाऊस उघडला तर, संध्याकाळी पाचला आव्यात आग घालणार आहे. या हंगामातला कदाचित शेवटचा आवा. रात्रभर जागायचं असतं, मामा असतात, वाकळवाल्या असतात, भाकरी आणि ठेचा असतो. जुन्या चपला घालून या, परसात चिखल आहे. सकाळी राख बाजूला केली की भांडी हातात घेऊन, बोटानं वाजवून बघता येतील. चांगलं भाजलेलं ओळखायला मी शिकवीन.

कळावे, लोभ असावा.

सिस्टरांच्या मठातली एक कुंभारीण
आणि सोबतचे दहा जण (सह्या आणि अंगठे मूळ प्रतीवर आहेत)
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव